बुरुजाभोवतीचं वर्तुळ

मोंफ्लोरेलमध्ये पाहण्यासारखं काही नाही असं कोणी म्हणू नये. पाहण्यासारखं पुष्कळ होतं; पाहायला कोणी येत नव्हतं, एवढंच. गावाच्या वरच्या अंगाला धबधबा होता. तो मार्च महिन्यात वाहायचा आणि उरलेलं वर्षभर खडकावर एक ओला डाग बनून राहायचा. खाली ओढ्याकाठी दगडी धोबीघाट होता, जिथे जुन्या काळी बायका कपडे धूत आणि कपड्यांबरोबर शेजारणींनाही. 'सैतानाची खुर्ची' नावाचा एक खडक होता. त्यावर बसलं की समोर खताचं गोदाम दिसायचं. रानातून फिरायला पायवाट होती. तिच्यावरच्या झाडांना वाट दाखवणारे पिवळे पट्टे शिकारी मंडळाच्या अध्यक्षाने स्वतःच्या हाताने मारले होते, आणि शिकारीच्या चांगल्या चांगल्या जागा टाळत टाळत ती वाट अशी काही वळवली होती, की हौसेने निघालेला माणूस तासाभराने दमून आपल्याच मोटारीपाशी परत यायचा.

आणि या सगळ्यांच्या वर, टेकाडावर, कबुतरांचा बुरूज होता. गोल, दगडी, डोक्यावर टोकदार टोपी, आतून भिंतभर कोनाडेच कोनाडे. राजेशाहीच्या काळात कबुतरं पाळायचा हक्क एकट्या जहागीरदाराचा असे. कबुतरं त्याची, ती दाणे खायची गावाच्या शेतातले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या उन्हाळ्यात मोंफ्लोरेलकर मशाली घेऊन बुरूज जाळायला गेले होते म्हणतात. पण दगड पेटत नाही हे तिथे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पूर्वजांना तो जाळता आला नाही, म्हणून आता वंशजांना त्याचा अभिमान वाटत होता.

अभिमान वाटायला कारण शेजारचं व्हिलब्राक. व्हिलब्राकच्या नदीवर एक पूल आहे. तो रोमन आहे असं फक्त व्हिलब्राकचे लोक म्हणतात. पण हमरस्त्यावर त्यांच्या नावाची तपकिरी पाटी लागली होती, पुलाचं चित्र काढलेली, आणि त्या पाटीवरून गाडी न्यावी लागली की मोंफ्लोरेलचे मेयर फेर्नां काझालेस तोंड दुसरीकडे वळवायचे. दोनदा त्यामुळे गाडी खड्ड्यात गेली होती.

"बुरूज ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत गेला, की आपलीही पाटी," मेयरसाहेब म्हणाले. हे त्यांनी ओरियानला सांगितलं, कारण त्या वेळी ती त्यांच्या मानेवर मशीन फिरवत होती.

ओरियानचं दुकान नव्हतं. कात्र्या, कंगवे, टॉवेल आणि केस धुवायचं घडीचं घमेलं एका जुन्या व्हॅनमध्ये टाकून ती घरोघर जायची आणि लोकांच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून केस कापायची. सोबत तीन वर्षांची सिदोनी असायची. ती टेबलाखाली बसून चिमट्यांची कुटुंबं करायची: हा बाबा चिमटा, ही आई चिमटा, हा वाईट चिमटा. चर्चचा पाद्री पाच गावांना मिळून एकच असल्यामुळे मोंफ्लोरेलला क्वचित यायचा, आणि माणसांना तर काहीतरी कबूल केल्याशिवाय करमत नाही. तेव्हा ती सगळी कबुली ओरियानच्या टॉवेलात गोळा व्हायची. गळ्याला टॉवेल बांधून मान पुढे झुकवली, की कुणाच्याही तोंडाला कुलूप राहत नसे. गावच्या परिषदेत ती सभासदही होती. मागच्या निवडणुकीत मेयरच्या यादीत एक नाव कमी पडलं होतं आणि त्या दिवशी त्यांचं अर्धं डोकं तिच्या हातात होतं.

"फार छान होईल," ओरियान म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. बुरूज तिला आवडायचा. संध्याकाळी त्याची सावली तिच्या अंगणापर्यंत यायची आणि सिदोनी त्या सावलीच्या काठाकाठाने चालायची.

मग ती योस्तचे केस कापायला गेली. योस्त हा हॉलंडचा, वीस वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेला, गावात एकटाच असा की जो नियम वाचतो. परिषदेतही त्याला त्यासाठीच घेतलं होतं, म्हणजे इतरांना वाचायला नको. त्याने टेबलावर गावाचा नकाशा पसरला, बुरुजावर सूपचा वाडगा पालथा घातला आणि पेन्सिलीने त्याच्याभोवती गोल काढला.

"हे बघ. स्मारक यादीत गेलं की चहूबाजूंनी पाचशे मीटर. या गोलात जे काही करायचं, खिडकी, दार, छप्पर, रंग, त्याला सरकारी वास्तुतज्ज्ञाची परवानगी. जे आधी परवानगीशिवाय केलं असेल, तेही मग डोळ्यावर येणार."

ओरियानने गोलात पाहिलं. गोलाबाहेर दफनभूमी उरली होती आणि सांडपाण्याचं तळं. बाकी सगळं गाव आत.

तिच्या हातातली कात्री थांबली.

ओरियान आणि तिचा नवरा जेरो राहायचे ते घर मुळात मेंढ्यांचा गोठा होता. तोच परवडला. खाली स्वयंपाकघर, वर छपराखाली एक खोली, तिला खिडकी नाही. सिदोनी तिथे झोपायचीच नाही. अंधार झाला की ती रडायला लागे. रडून रडून उचक्या लागत, आणि ओरियान तिला कडेवर घेऊन खाली-वर करत राही, दिवसभर उभ्याने काम केलेल्या पायांनी. मग एका ऑगस्टमध्ये, सगळी सरकारी कचेरी सुट्टीला समुद्रावर गेलेली असताना, जेरोने छपराची कौलं काढून तिथे तिरकी काच बसवली. परवानगी मागितली नाही. मोंफ्लोरेलमध्ये परवानगी मागणं म्हणजे शेजाऱ्याला आधी बातमी देणं. त्या दिवसापासून सिदोनी दुपारी पाठीवर पडून ढगांशी बोलत बोलत झोपून जायची, आणि ओरियानला पूर्ण दोन तास मिळायचे. त्यात ती कॉफी प्यायची. गरम. आई झालेल्या बाईला गरम कॉफी म्हणजे काय, ते आई झालेल्या बाईलाच ठाऊक.

"ती खिडकी बुजवावी लागेल?" तिने विचारलं.

"बुजवावी लागेल," योस्त खिन्न होऊन म्हणाला. "आणि माझा पोहण्याचा हौद? तोही बिनपरवानगीचा आहे, ओरियान. मी नियम वाचतो. पाळतो असं मी कधी म्हटलं नाही."

मेयरसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हात झटकला. "पाचशे मीटर! पाहणीला ती सरकारी वास्तुतज्ज्ञ बाई एकच दिवस येणार. एक दिवस झाकायचं. त्यानंतर सरकार पुन्हा कधी फिरकतंय? धबधब्याची चौकशी करायला येतो म्हणाले होते, तेव्हा मी काळ्या केसांचा होतो."

"पण तुमचा व्हरांडा, मेयरसाहेब?"

काझालेसांनी बायकोसाठी घरामागे प्लास्टिकच्या चौकटींचा पांढराशुभ्र काचेचा व्हरांडा बांधला होता, पार बुरुजाच्या तोंडासमोर. ओदेतबाई हिवाळाभर तिथे बसून कोडी सोडवायच्या.

"त्याच्यावर वेली सोडू," मेयरसाहेब म्हणाले. पण त्यांची मान ताठ झाली होती. कात्रीखाली मान काय करते ते ओरियानला चांगलं कळायचं.

पाहणीचा दिवस ठरला आणि गावाने स्वतःला झाकायला सुरुवात केली. योस्तच्या हौदावर फळ्या टाकून त्यावर गवताची गंजी रचली. मादाम रुकेतने, म्हणजे धोबीघाटाजवळ राहणाऱ्या विधवा म्हातारीने, दारातल्या प्लास्टिकच्या छपरावर नवऱ्याची जुनी ताडपत्री ओढली आणि वर चार कोंबड्या बसवल्या. डिश अँटेना उतरल्या. प्लास्टिकच्या खिडक्यांची झडपं बिजागऱ्यांतून काढली आणि सगळी चर्चमध्ये नेऊन बाकांवर उभी केली. इतकी गर्दी त्या चर्चने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मेयरसाहेबांचा व्हरांडा रानवेलींच्या भाऱ्यांखाली असा गाडला गेला की ओदेतबाईंना आत दिवा लावून कोडी सोडवावी लागली.

जेरोने सिदोनीच्या काचेवर जुनी कौलं मांडली.

"एकच दिवस," तो म्हणाला.

"तिला सांगितलंस?"

"तू सांग ना. तुझं ऐकते ती."

"माझं ऐकते! ती सकाळपासून मोजा घालायला तयार नाही, आणि म्हणे माझं ऐकते."

पाहणीला आल्या त्या मादाम व्हासोर. बारीक, करड्या केसांच्या, पायात चिखलात चालायचे बूट. मेयरसाहेबांनी उंच टाचांच्या बाईची तयारी करून टेकाडावर लाल सतरंजी अंथरली होती. त्या तिच्या कडेने चालल्या. परिषदेचे सगळे सभासद मागे. ओरियानही. सिदोनीला दुपारची झोप यायची वेळ झाली होती, म्हणून जेरो तिला घेऊन वरच्या खोलीत गेला होता.

मादाम व्हासोरनी बुरूज बाहेरून पाहिला, आतून पाहिला, कोनाड्यांवरून हात फिरवला. "फार सुंदर," त्या म्हणाल्या. मेयरसाहेब दोन इंच उंच झाले. मग त्या गावात उतरू लागल्या, आणि प्रत्येक वळणावर मेयरसाहेब दोन दोन इंच खाली येऊ लागले.

"ही गंजी," योस्तच्या अंगणाजवळ मादाम थांबल्या. "हिला स्टीलची शिडी का आहे?"

योस्तने मेयरकडे पाहिलं. मेयरने कोंबड्यांकडे पाहिलं.

"आमच्याकडे गवत वरून काढतात," मेयर म्हणाले.

"आणि शिडीला पकडायला दांडे आहेत, पाण्यातून बाहेर येताना धरतात तसे."

"म्हातारी माणसं असतात ना, मादाम."

"समजलं. चर्च पाहता येईल का?"

"किल्ली हरवली," चार-पाच जण एकदमच म्हणाले.

"नाही, पाद्रीबाबांकडे आहे," आणखी दोघे म्हणाले.

मादाम व्हासोरनी मान डोलावली. तेवढ्यात वरच्या गल्लीतून आवाज आला. आधी बारीक, मग वाढत वाढत असा काही चढला की मादाम रुकेतच्या कोंबड्या ताडपत्रीवरून उडाल्या.

"हे काय?" मादामनी विचारलं.

"बकरी," मेयरसाहेब म्हणाले.

"मामाँ! मामाँऽऽ!" बकरी ओरडली.

"ती 'मामाँ' म्हणतेय, आईला हाक मारतेय."

"इकडच्या बकऱ्या फार प्रेमळ, मादाम."

ओरियान पळाली. गावाचं सोंग, पाटी, मेयर, काही तिच्या डोक्यात राहिलं नाही. जेरो दारातच भेटला, कडेवर लालबुंद झालेली सिदोनी, नाकातोंडातून पाणी, एक पाय मोज्यात आणि एक उघडा. ओरियानने तिला घेतलं, पाठ चोळली, कपाळाला चिकटलेले केस बाजूला केले. मूल हुंदके देत देत तिच्या मानेत शिरलं. अंगाचा तो गरम, ओला, खारट वास.

मागोमाग सगळी वरात तिथे येऊन पोचली होती.

"माझं आभाळ कुणी घेतलं?" सिदोनीने मादाम व्हासोरना विचारलं. त्या अनोळखी होत्या, म्हणजे त्यांनीच घेतलं असणार.

मादाम गुडघ्यांवर बसल्या. "कुठे होतं तुझं आभाळ?"

सिदोनीने बोट वर केलं. बोटाच्या टोकाला जुन्या छपराच्या मधोमध, आजूबाजूच्या शेवाळलेल्या कौलांत, एक चौकोन स्वच्छ कौलांचा होता, आणि त्यातलं एक कौल वाऱ्याने हलत होतं.

मादाम व्हासोर बराच वेळ वर पाहत राहिल्या. मग उठल्या, गुडघे झटकले.

"आभाळ माझ्या अखत्यारीत येत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "छप्पर येतं." आणि ओरियानकडे पाहून हळूच पुढे म्हणाल्या, "अजून नाही. यादीत नाव गेल्यावर."

निघताना त्यांनी मेयरसाहेबांशी हात मिळवला. "बुरूज यादीत घेण्यासारखाच आहे, मेयरसाहेब. माझ्याकडून मी तसं कळवते. गावाच्या परिषदेने संमती दिली की काम झालं. फक्त एक ध्यानात असू द्या. आज मी पाहुणी होते, म्हणून शिडीचा विषय वाढवला नाही. नंतर मी पाहुणी नसेन. आणि माझं घर इथून वीस मिनिटांवर आहे."

त्यांची गाडी वळणाआड गेली आणि कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. टाळ्या वाजवता वाजवता प्रत्येकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते शेजाऱ्याला दिसू नये म्हणून टाळ्या जरा जास्तच वेळ चालल्या.

पुढचे दिवस ओरियानला केसांची कामं एवढी आली की दिवाळं निघालेल्या न्हाव्याचंही नशीब उघडावं. ज्यांचे केस गेल्याच आठवड्यात कापले होते तेही बोलावू लागले.

"मी बुरुजाच्या बाजूनेच आहे हं, पोरी," मादाम रुकेत म्हणाली, मान टॉवेलात. ती परिषदेत सगळ्यात जुनी सभासद. "माझ्या आजीची आजी त्याच्या सावलीत कबुतरांना शिव्या देत वाढली. वारसा आहे आमचा. पण ते दारातलं छप्पर... तिथे बसून मी रस्ता पाहते. ते गेलं तर मी काय भिंत पाहू? मला आता उरलंय तरी काय, रस्त्यावर कोण कुणाकडे जातंय एवढंच ना. कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"आणि कल्ले जरा बारीक कर. नाही, माझे नाहीत. काझालेसचे. सभेत माकडासारखा दिसतो."

शिकारी मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, की तो एकटाच विरोधात आहे, त्याच्या कुत्र्यांच्या पत्र्याच्या शेडमुळे; पण सभेत हात वर करणारच, नाहीतर लोक काय म्हणतील. ओदेतबाई म्हणाल्या, त्यांच्या घरात नवरा रात्री उठून व्हरांड्यात बसतो आणि प्लास्टिकच्या चौकटींवरून हात फिरवतो. योस्त म्हणाला, वारशावर त्याचं मनापासून प्रेम आहे, पण हौदावर त्याहून जरा जास्त.

प्रत्येकाला वाटत होतं तो एकटाच पापी आहे. आणि मेयरसाहेबांनी तर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून आणलं होतं, की मोंफ्लोरेल एकमुखाने बुरुजाच्या पाठीशी उभं आहे. आता हात वर करायच्या सभेत हात खाली ठेवणारा म्हणजे गावाचा द्रोही. व्हिलब्राकला हसायला मिळेल. तेव्हा अकरा जणांची परिषद अकरा हात वर करणार, आणि महिन्याभरात मादाम व्हासोर चिखलाचे बूट घालून पुन्हा येणार.

घरी सिदोनीच्या काचेवरची कौलं तशीच होती. जेरो म्हणाला, काढतो. ओरियान म्हणाली, थांब, सभा होऊ दे, आता काढलीस आणि पुन्हा लावायची वेळ आली तर ते तिला दुसऱ्यांदा सोसणार नाही. दुपारी मूल स्वयंपाकघरात बाकावर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपे, अर्धवट, दर दहा मिनिटांनी दचकून. ओरियान हलू शकत नसे. कॉफी समोर गार होई.

तिने एकेकाला हळूच विचारून पाहिलं. "गुप्त मतदान मागितलं तर? नियमात आहे म्हणे. एक तृतीयांश सभासदांनी मागायला हवं."

"मागायला हात वर करावा लागतो ना?" शिकारी मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. "मग ज्याने हात वर केला तोच विरोधात, हे काय कळणार नाही लोकांना? मी नाही बाबा."

सगळे असंच म्हणाले. शब्दांत फरक, कातडी बचावण्यात नाही.

सभेच्या दिवशी गावकचेरीत खिडक्यांपर्यंत माणसं दाटली होती. मेयरसाहेबांनी तिरंगी पट्टा खांद्यावरून घेतला होता, जो ते फक्त लग्नांना आणि युद्धस्मृतिदिनाला घेत. बुरुजाचं वर्णन करताना त्यांचा आवाज दाटून आला. कशाने, ते ओरियानला माहीत होतं.

"तर मंडळी, आता मत. बुरुजाच्या बाजूने कोण..."

"मेयरसाहेब," ओरियान उभी राहिली.

आयुष्यात ती उभ्यानेच बोलत आली, पण समोरच्याची मान खाली असताना. आता सगळी डोकी वर होती आणि तिच्याकडे बघत होती.

"बोला."

"मला गुप्त मतदान हवंय."

मागे कुणाचा तरी कुत्रा अंग खाजवत होता. मादाम रुकेतने पिशवीत काहीतरी शोधायला सुरुवात केली. मेयरसाहेबांचे कान लाल झाले.

"का? कुणाच्या मनात काळंबेरं आहे का?"

"तसं नाही," ओरियान म्हणाली. सिदोनीची दुपार आठवली, दचकून उघडलेले डोळे, आणि घरून ठरवून आणलेलं बाहेर आलं. "व्हिलब्राकचे लोक काय म्हणतील माहीत आहे ना? म्हणतील, काझालेसने डोळे वटारले, म्हणून सगळ्यांनी हात वर केले. हात काय, कुणाच्याही धाकाने वर होतो. पण झाकल्या पेटीतून अकरा 'हो' निघाले, तर? मग त्यांनी पुलावरून उडी मारावी. मी म्हणते, आपलं गाव एकमुखी आहे तर मग आपल्याला भीती कसली?"

मग मादाम रुकेतचा हात पिशवीतून बाहेर आला आणि वर गेला.

"पोरगी बरोबर बोलते. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"अब्रूचा!" शिकारी मंडळाचा अध्यक्ष ओरडला आणि त्याने दोन्ही हात वर केले. योस्तने नियमाचं कलम सांगितलं आणि हात वर केला. बघता बघता सगळे हात वर. शेवटचा हात मेयरसाहेबांचा. तो सगळ्यांत उंच होता.

"व्हिलब्राकला दाखवून देऊ!" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका मोकळेपणा कित्येक आठवड्यांत कुणी ऐकला नव्हता.

चिठ्ठ्या पडल्या, पेटीत. मेयरसाहेब स्वतः एकेक उघडू लागले. ओरियान त्यांच्या मागच्या बाजूला बसली होती, तिला त्यांची मान दिसत होती.

"नाही," त्यांनी वाचलं. मान आत गेली. ही त्यांची स्वतःचीच चिठ्ठी असणार, असं त्यांना वाटलं होतं.

"नाही." मान थबकली.

"नाही." आता ती वर येऊ लागली.

पाचव्या 'नाही'ला भीती पुरती निघून गेली होती आणि तिच्या जागी संताप आला होता. खरा, मनापासूनचा संताप. आपण ज्या कामात एकटेच आहोत असं समजत होतो त्यात सगळं गाव आधीपासूनच आहे हे कळल्यावर जसा येतो तसा.

मधे एक 'हो' निघाला. मेयरसाहेबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग पुन्हा 'नाही', शेवटपर्यंत.

"दहा विरुद्ध एक," ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "लाज वाटली पाहिजे! दहा गद्दार या खोलीत बसले आहेत!"

"लाज वाटली पाहिजे!" दहाही जण म्हणाले. अकरावाही म्हणाला. मादाम रुकेतने तर डोळ्यांना रुमाल लावला. शिकारी मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, अशा लोकांना सैतानाच्या खुर्चीवर बांधून ठेवलं पाहिजे. बाहेर जमलेल्या लोकांनीही सभासदांच्या नावाने बोटं मोडली आणि मग प्रत्येक जण आपापल्या प्लास्टिकच्या खिडक्यांना झडपं परत बसवायला चर्चकडे लगबगीने निघाला. किल्ली सापडली होती.

तो एकुलता एक 'हो' कुणाचा, हे ओरियानला कधीच कळलं नाही. कळायचा मार्गही उरला नाही, कारण त्यानंतरच्या दोन महिन्यांत तो आपलाच, असं तिला दहा जणांनी सांगितलं. योस्त म्हणाला, शेवटच्या क्षणी वारसा जिंकला. मादाम रुकेत म्हणाली, आजीच्या आजीला तोंड दाखवायचंय मला. शिकारी मंडळाच्या अध्यक्षाने तर छातीवर हात ठेवून, डोळे मिटून सांगितलं, आणि डोळे मिटलेले असल्यामुळे त्याच्या भुवईचा एक तुकडा चुकून उडाला. ओरियानने प्रत्येकाला म्हटलं, "वाटलंच मला." अकरावी ती स्वतः. तिने काय लिहिलं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. या गावात ती एकटीच तशी.

मेयरसाहेब सगळ्यांत शेवटी आले. आले म्हणजे खरंच आले, तिच्या घरी, दुपारच्या वेळी, ओदेतबाईंचा व्हरांडा धुवायला काढलाय म्हणून. ओरियानने स्वयंपाकघरात खुर्ची ओढली, त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. टेबलावर कॉफीचा कप होता, वाफ निघत होती.

"तू बाई सगळ्या घरांत फिरतेस," ते म्हणाले. "तुला काहीतरी कानावर आलं असेल. कोण होते ते दहा?"

"मला कोण सांगतंय, मेयरसाहेब."

"हूं." त्यांनी मान पुढे झुकवली. मग: "एक 'हो' होता ना, ओरियान. तो..."

"हो?"

"तो माझा होता!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कपाखालची बशी खणखणली.

वरच्या खोलीत, छपरातल्या काचेखाली, कोणीतरी कूस बदलली. खाट किंचित करकरली. दोघेही थिजले. मेयर फेर्नां काझालेसांनी, ज्यांना त्या छपराखाली काय आहे ते अधिकृतरीत्या ठाऊक नव्हतं, वर पाहिलं, मूठ हळूच उघडली आणि तळहात टेबलावर पसरला, आवाज न करता.

करकर थांबली.

"माझा होता," ते कुजबुजले.

"वाटलंच मला," ओरियानही कुजबुजली, आणि त्यांची मान पुन्हा खाली घालण्याआधी तिने कॉफीचा एक घोट घेतला.